नकाशा आधी जमिनीवर

नकाशा शिकवायला घेतला की पहिले काम दिशांचे. तिसरीतल्या मुलाला डावे-उजवे, पुढे-मागे चांगले कळत असते. पण ही चारही स्थाने त्याच्या अंगाला चिकटलेली असतात. मूल वळले की तीही वळतात. चाळीसगाव तालुक्यातल्या खेड्यांत घरी अहिराणी बोलणारी मुले ‘आठे’ आणि ‘तठे’ एवढ्या दोन शब्दांवर अख्खे गाव दाखवून देतात. बोलणारा जागचा हलला की मात्र मघाचे ‘तठे’ आताचे ‘आठे’ होते. नकाशाला जागची न हलणारी दिशा लागते, आणि ती मुलांच्या हाती देणे हे या विषयातले सर्वांत अवघड काम आहे. पुढचा सगळा अनुभव याच तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेतला, तिसरी-चौथीच्या जोडवर्गाचा आहे. वर्गाच्या बाईंनी वर्षानुवर्षे क्रम बदलून पाहिला, चुका दुरुस्त केल्या, तेव्हा कुठे तो जमला.

‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हे वाक्य मुलांना तोंडपाठ असते. ते काटेकोरपणे खरे ठरते फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबरच्या अखेरीस चाळीसगावच्या परिसरात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेला. म्हणजे दोन टोकांत पन्नास अंशांचा फरक, काटकोनाच्या निम्म्याहून जास्त. मुलांना हे सांगावे लागत नाही. शाळेसमोरच्या शेतातले कडुनिंबाचे झाड, पलीकडचा विजेचा खांब आणि त्याच्याही पलीकडची विहीर अशा खुणा धरून सकाळी लवकर उठणारी दोन-तीन मुले महिन्यातून एकदा सूर्य कुठून वर आला ते वहीत मांडतात. सप्टेंबरात खांबाजवळ असलेला सूर्य संक्रांतीच्या आधी पार विहिरीकडे सरकलेला दिसतो. एका मुलाने यावर विचारले, “मग बाई, पूर्व हलते का?” हा प्रश्न पडला की दिशेचा खरा धडा सुरू झाला असे समजावे.

न हलणारी पूर्व शोधण्याची जुनी रीत शुल्बसूत्रांत आहे. वेदी बांधण्यासाठी ती वापरत, आणि शाळेच्या पटांगणात ती आजही तितकीच चोख चालते. मैदानाच्या सपाट भागात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवायची. तिच्या बुंध्याला सुतळी बांधून सव्वा मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. डिसेंबरात सकाळी सावली लांब असते. ती आखडत पावणेअकराच्या सुमारास वर्तुळाला टेकते. तिथे खडा ठेवायचा. दुपारी सव्वादोन-अडीचच्या दरम्यान वाढणारी सावली पुन्हा वर्तुळाला टेकते. तिथे दुसरा खडा. दोन्ही खडे जोडले की पश्चिम-पूर्व रेषा मिळते आणि तिच्यावर काटकोनात दक्षिणोत्तर. दोन्ही वेळा शाळेच्या तासांतच येतात, म्हणून या कामाला डिसेंबरासारखा महिना नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास या अक्षांशावर मध्यान्हीची सावली जवळजवळ काठीइतकीच, ९६ सेंटिमीटर भरते. ही गोष्ट मुलांना फार आवडते. दुपारी आपापल्या सावलीवर आडवे होऊन ती आपल्याएवढीच आहे की नाही हे प्रत्येक जण तपासून पाहतो.

मोबाइलमधले होकायंत्र वापरायला हरकत नाही, पण ते नंतर. पत्र्याच्या छपराखाली किंवा लोखंडी बाकाजवळ ते भलतीकडे बोट दाखवते, आणि हाताने दिशा न शोधलेल्या मुलाला ती चूक ओळखता येत नाही.

सापडलेली रेषा तेलरंगाने व्हरांड्याच्या फरशीवर उमटवून ठेवली की ती वर्षभर कामी येते. तिच्यावरून मुले प्रत्येक गोष्टीची चतुःसीमा सांगू लागतात. हा शब्द त्यांच्या घरातलाच आहे. खरेदीखतात शेताच्या पूर्वेस कोणाचा गट, पश्चिमेस शिवरस्ता, उत्तरेस पाटचारी, दक्षिणेस नाला असे लिहिलेले असते आणि घरच्या मोठ्या माणसांच्या तोंडून त्यांनी ते ऐकलेले असते. शाळेची चतुःसीमा, मग आपल्या घराची, मग गावाच्या शिवेची. वहीत चार ओळी लिहायच्या, चित्र नाही. नकाशा काढण्याआधी तो शब्दांत सांगता येणे ही पायरी सहसा वगळली जाते आणि पुढे तिची उणीव जाणवत राहते.

दुसरी अडचण वरून पाहण्याची. सात-आठ वर्षांच्या मुलाला गावातला रस्ता काढायला सांगितला तर ते दोन समांतर रेघा ओढते आणि दोन्ही बाजूंची घरे आडवी पाडते. एका बाजूची छपरे डावीकडे, दुसऱ्या बाजूची उजवीकडे. रस्ता वरून पाहिलेला, घरे समोरून पाहिलेली. ही चूक म्हणून खोडणे योग्य नव्हे. मुलाने रस्त्यावर उभे राहून दोन्हीकडे पाहिले आहे आणि दिसले तेच काढले आहे. पाण्याने भरलेला तांब्या जमिनीवर ठेवून आधी बसून, मग त्याच्यावर वाकून काढायला लावला की बहुतेकांना फरक उमगतो. वरून पाहिलेला तांब्या म्हणजे एकात एक दोन वर्तुळे. मग वही, खडूची पेटी, चप्पल, दप्तर. विहिरीत डोकावणे सगळ्यांना ठाऊक असते, आणि दारातली रांगोळी आई वरून पाहूनच काढते हे कोणीतरी स्वतःहून सांगते. या कामाला तीन-चार तासिका पुरतात, फार रेंगाळू नये.

प्रमाणाची गोष्ट पावलांनी सुरू होते. वर्गाची लांबी एका मुलाच्या पावलांनी २४ भरते, दुसऱ्याच्या २७. गणिताच्या चौकटींच्या वहीत एक पाऊल म्हणजे एक चौकट धरून दोघांनी वर्ग काढला की एकाच खोलीचे दोन आकार समोर येतात आणि भांडण होते. हे भांडण होऊ द्यावे. ते मिटवायला मीटरपट्टी आणली की सगळ्यांनी एकच माप का वापरायचे हे वेगळे समजवावे लागत नाही. जमीन खरोखर अशीच मोजली गेली हेही इथेच सांगता येते. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी साखळीने जमीन मोजायला सुरुवात केली आणि त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थानची मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. नकाशा कोणीतरी चालून, उन्हातान्हात मोजून केला आहे, हे कळल्यावर मुले त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

एवढे झाल्यावर जिल्ह्याचा नकाशा येतो, आणि खरी गाठ इथे पडते.

वर्गाच्या भिंतीवर नकाशा टांगलेला असतो. उत्तर कुठे असे विचारले की सगळ्या वर्गाचे हात स्लॅबकडे जातात. दक्षिण विचारली की फरशीकडे. नकाशाची वरची बाजू उत्तर, खालची दक्षिण हे पाठ झालेले असते, आणि ‘वर’ म्हणजे मुलांच्या लेखी जे असते तेच असते. चाळीसगावच्या भागात हा घोळ दुप्पट होतो, कारण तिथली जमीन कागदाच्या उलट आहे. दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर उभे आहेत. कन्नडला जायचे म्हणजे घाट चढून वर जायचे आणि चाळीसगावला यायचे म्हणजे खाली उतरायचे, असेच सगळे बोलतात. पाटणादेवीच्या डोंगरातून निघालेली डोंगरी नदी उत्तरेला येते, शहरात तितूरला मिळते, तितूर गिरणेला आणि गिरणा शेवटी उत्तरेला वळून तापीला. म्हणजे गावातला ‘वर’ दक्षिणेला आणि कागदावरचा ‘वर’ उत्तरेला. चौथीतला एक मुलगा भिंतीवरच्या नकाशात गिरणेवरून बोट फिरवता फिरवता थांबला आणि म्हणाला, “ही नदी वर कशी चढेल? नकाशा चुकलाय.” ज्याने नदीचे पाणी डोंगराकडून येताना पाहिले आहे, ऑगस्ट २०२१ च्या पुराच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत, त्याने असे म्हणणे हे बुद्धीचे लक्षण आहे. त्याला ‘नकाशात वर म्हणजे उत्तर’ असे पुन्हा घोकायला लावले तर तो गप्प बसेल आणि आपले डोळे खोटे ठरले असे मानील. भूगोल नावडता होण्याची सुरुवात अशा गप्प बसण्यातून होते.

उपाय एकच आहे, आणि तो फार सोपा आहे: नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरायचा. व्हरांड्यातल्या रंगवलेल्या रेषेवर त्याची उत्तर बसवायची आणि मुलांनी त्याच्याभोवती फेर धरून बसायचे. आता सातमाळ्याचे डोंगर दाखवणारा तपकिरी पट्टा आणि समोर दिसणारे खरे डोंगर एकाच बाजूला येतात. मुलाने चाळीसगाव या अक्षरांवर बोट ठेवून मान वर केली की पाचोऱ्याचा रस्ता जिकडे जातो तिकडेच नकाशातले पाचोरे असते. गिरणा आता कुठेही चढत नाही. ती डोंगराकडून तापीकडे, उंचावरून सखलाकडे, आडव्या कागदावरून निमूट वाहते. वर-खाली हे शब्द जमिनीच्या उंचीसाठी आणि उत्तर-दक्षिण हे शब्द दिशेसाठी, अशी वाटणी इथे आपोआप होते. पुढे ‘नकाशात वर’ असे कोणी म्हटले तर मुलेच ‘नकाशात उत्तरेला’ म्हणून सुधारतात.

असे आठ-पंधरा दिवस झाले की नकाशा पुन्हा भिंतीवर गेला तरी बिघडत नाही. नकाशा टांगायचा तो शक्यतो उत्तरेच्या भिंतीवर. तिथे पूर्व-पश्चिम तरी जागच्या जागी राहतात. दक्षिणेच्या भिंतीवर टांगला तर नकाशातली पूर्व खऱ्या पश्चिमेला जाते. अनेक शाळांत भिंतींवर आणि पटांगणात हौसेने मोठे रंगीत नकाशे काढलेले आढळतात. पटांगणातला नकाशा खऱ्या उत्तरेकडे तोंड करून काढलेला असेल तर तो दहा पाठांचे काम करतो. प्रवेशद्वारातून सुलट दिसावा म्हणून कसाही वळवलेला असेल तर तो नुसती शोभा राहतो, आणि रोज त्याच्यावरून पळणारी मुले चुकीची दिशा पायांत घोटवत राहतात.

जमिनीवरच्या नकाशाचा दुसरा मोठा उपयोग महाराष्ट्राच्या नकाशात दिसतो. या तालुक्यातली काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पोरे त्यांच्याबरोबर जातात. मार्चअखेर परत आलेली एक मुलगी वर्गात मागे बसे, काही बोलत नसे. नकाशा अंथरून तिला फक्त एवढेच विचारले, गाडी कुठून कुठे गेली. तिने सुतळीचे टोक चाळीसगावावर ठेवले, घाट चढून कन्नड, मग संभाजीनगर, नगर, पुढे पुणे, सातारा, कराड आणि सांगली जिल्ह्यातला तिचा फड. वाटेत कुठे थांबून भाकरी खाल्ली, कुठे रात्र झाली, कुठे टोळीतली दुसरी गाडी मागे राहिली, सगळे तिला आठवत होते. सुतळी उचलून नकाशाच्या प्रमाणपट्टीवर धरली तेव्हा अंतर पाचशे किलोमीटरच्या जवळ गेले. वर्गातल्या दुसऱ्या कोणीही इतका लांबचा प्रवास केला नव्हता. त्याच दोन टोकांत सुतळी सरळ ताणली तर ती बरीच आखूड भरते, हेही सगळ्यांनी पाहिले. रस्त्याचे अंतर आणि सरळ अंतर यांतला फरक त्या दिवशी शिकवावा लागला नाही. नकाशातल्या जागा ज्या मुलाच्या पायांखालून गेल्या आहेत, त्याच्यापासून धडा सुरू करावा. तालुक्याची, जिल्ह्याची आणि राज्याची नावे पाठ करण्यात हुशार असलेल्या मुलांनाही त्यातून पहिल्यांदा कळते की ही नावे म्हणजे जाता येण्याजोग्या जागा आहेत.

सूची आणि चिन्हे यांना वेळ लागत नाही. रेल्वेची रेघ, नदीची निळी रेघ, देवळाची खूण मुले भराभर उचलतात. मुंबई-भुसावळ मार्गावर चाळीसगाव जंक्शन आहे आणि तिथून धुळ्याला फाटा जातो, हे स्टेशनात गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते. तो फाटा नकाशात सापडला की आनंद होतो. स्वतःच्या गावाच्या नकाशासाठी मुलांना स्वतःची चिन्हे ठरवू द्यावीत. हातपंप, पिठाची गिरणी, पार, मारुती. छापील चिन्हे नंतर शिकता येतात.

पृथ्वीगोल मात्र मुलांच्या हातात अगदी सुरुवातीपासून असावा, समजावण्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी. पुष्कळ ठिकाणी तो मोडू नये म्हणून कपाटात कुलूपबंद असतो आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर येतो. फिरवून फिरवून आस सैल झालेला, विषुववृत्तावरचा रंग बोटांनी झिजलेला गोल हे चांगल्या वर्गाचे लक्षण आहे. मारिया माँटेसरी यांनी लहानग्यांसाठी केलेल्या गोलावर जमीन खरखरीत आणि पाणी गुळगुळीत असते. जुन्या गोलावर डिंक लावून जमिनीच्या भागावर बारीक वाळू भुरभुरली की तसा गोल शाळेतच तयार होतो. डोळे मिटून बोटे फिरवली की बहुतांश गुळगुळीतच लागते. पृथ्वीवर पाणी किती, याचे उत्तर बोटे देतात.

गोलावर मूल पहिल्यांदा स्वतःचे घर शोधते. ते सापडत नाही. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. चाळीसगाव ते मुंबई हे अंतर तांदळाच्या एका लांब दाण्याएवढे, आणि पूर्व-पश्चिम आठशे किलोमीटर पसरलेला महाराष्ट्र अंगठ्याच्या एका पेराखाली झाकतो. ८,८४९ मीटर उंचीचे एव्हरेस्ट या गोलावर फक्त ०.२ मिलिमीटर उंच होईल, वहीच्या दोन पानांच्या जाडीइतके. डोंगर फुगवून दाखवणारे गोल बाजारात मिळतात. ते हाताला छान लागतात, पण पृथ्वी खडबडीत आहे अशी चुकीची समजूत करून देतात.

पृथ्वी गोल आहे हे चौथीतला प्रत्येक जण सांगतो. त्याच्या मनात काय असते ते त्याने काढलेल्या चित्रात दिसते. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेत इलिनॉयमधल्या ६० मुलांना प्रश्न विचारून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा समजुतींचे प्रकारच मांडले आहेत. कोणाची पृथ्वी ताटासारखी गोल, कोणाची पोकळ आणि माणसे आत सपाट तळावर राहणारी, कोणाच्या दोन पृथ्व्या: एक आकाशात असलेली गोल आणि एक पायाखालची सपाट. हैदराबादच्या मुलांवर याच धर्तीचे काम १९९६ मध्ये आले. त्यात पृथ्वी पाण्यावर किंवा पाण्यात असल्याची समजूत अनेकांकडे आढळली. चाळीसगावच्या वर्गातही हेच दिसते. “आपण आत राहतो का वर?” हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच, आणि त्याच्या पाठोपाठ “खालची माणसे पडत का नाहीत?” या प्रश्नांना गुरुत्वाकर्षण असा एक शब्द फेकून उत्तर देणे म्हणजे मुलाला दारातून परत पाठवणे. आपली दोन मते जुळत नाहीत हे त्याला जाणवले आहे, आणि त्या जुळणीसाठीच ते आले आहे.

या प्रश्नांवर आपल्याच परंपरेत दोन फार सुंदर उत्तरे आहेत. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली: गोळ्याच्या सगळ्या बाजूंनी जशी लहान फुले बाहेर तोंड करून उभी असतात, तसे पृथ्वीच्या सगळ्या बाजूंनी प्राणी. खानदेशात कदंब सहज सापडत नाही, पण बाभळीचे पिवळे गोल फूल बांधावर हवे तेवढे मिळते. ते हातात घेऊन फिरवले की त्यातला एकही केसर ‘खाली’ लोंबत नाही. प्रत्येक मधल्या गोळ्यापासून बाहेर निघालेला असतो. मुले ते फूल फार वेळ पाहत राहतात.

दुसरे उत्तर भास्कराचार्यांचे. त्यांचा आणि या भागाचा संबंध शिलालेखातला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या लेखात त्यांचा नातू चांगदेव याने ग्रंथाध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि शाळेची सहल तिथे जातेच. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत म्हटले आहे की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाट वाटतो. पृथ्वी फार मोठी आणि माणूस फार लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते. हे पटांगणात करून पाहता येते. पाच मीटर दोरीने वर्तुळ काढले तर त्याचा परिघ सुमारे ३१ मीटर आणि शंभरावा भाग ३१ सेंटिमीटर, म्हणजे दप्तरातल्या फूटपट्टीएवढा. फूटपट्टी त्या वर्तुळाच्या रेघेवर ठेवली की मध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची फट राहते. मुले पोटावर झोपून ती फट शोधतात. सपाट दिसणारे गोल असू शकते, हे त्या दोन मिलिमीटरांत सामावलेले आहे. सहलीच्या वेळी पाटणचा तो दगड पाहताना मग दोरी आणि फूटपट्टी आठवते.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोल शिकवताना आकृत्यांबरोबर हातांच्या आणि शरीराच्या हालचालींचा वापर करून पाहिला आहे. वर्गात याचा उपयोग होतो. गोल टेबलावर फिरताना पाहणे आणि डोक्यावर घेतलेल्या हातांनी आस दाखवत स्वतः उजवीकडून डावीकडे गिरकी घेणे, यांत दुसऱ्या रीतीने मुलाला सूर्य कुठून उगवतो हे आधी कळते.

अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते रीतसर सहावीत येतात, त्यामुळे चौथीत त्यांच्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. दोन आकड्यांनी जागा सांगता येते एवढे पुरे, आणि त्यासाठी वर्गातली शहाबादी फरशी पुरते: तिसरी ओळ, पाचवी लादी. घड्याळाचा प्रश्न मात्र मुलेच काढतात. काठीची सावली सर्वांत आखूड बारा वाजता व्हायला हवी, पण ती साडेबाराच्या आसपास होते. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखावृत्तावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावले आहे. चाळीसगाव जवळपास ७५ अंशांवर आहे. अंशाला चार मिनिटे, साडेसात अंशांना अर्धा तास. चौथीतल्या मुलांना हा हिशेब जमतो, आणि घड्याळ सूर्याने नव्हे तर माणसांनी ठरवून लावले आहे हे कळल्याचे आश्चर्य पुढे बरेच दिवस टिकते.

सूर्य डोक्यावर येण्याचे दिवस या गावाला दोनदा मिळतात, मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. पहिला सुट्टीत जातो, दुसरा बहुधा ढगांत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ऊन पडले तर मध्यान्हीची सावली किंचित दक्षिणेला, मीटरभर काठीची पाच सेंटिमीटर, पडलेली मिळते. एरवी वर्षभर उत्तरेला पडणारी सावली उलटलेली पाहायला तेवढेच दिवस असतात, ते सोडू नयेत.

जगाचा सपाट नकाशा सर्वांत शेवटी यावा. संत्र्याची साल एकसंध सोलून फरशीवर दाबली की ती फाटते. फाटू द्यायची नसेल तर ताणावी लागते. मर्केटर यांचा १५६९ चा नकाशा ध्रुवांकडे ताणलेला आहे, म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे आणि भारतही ग्रीनलंडपेक्षा दीडपट मोठा आहे. गोलावर कागद ठेवून दोन्हींचे आकार गिरवले, कापले आणि एकावर एक ठेवले की वाद संपतो.

गोल शिकवण्याचा सगळ्यात समाधान देणारा प्रयोग डिसेंबरातल्या उन्हात होतो. गोल स्टँडवरून सोडवायचा. पाण्याची हंडी डोक्यावर घेताना बायका जी कापडाची चुंबळ करतात, तशी चुंबळ स्टुलावर ठेवून तिच्यावर गोल असा बसवायचा की चाळीसगाव अगदी माथ्यावर येईल आणि उत्तर ध्रुव रंगवलेल्या रेषेच्या उत्तरेकडे रोखलेला राहील. आता त्याची आस पृथ्वीच्या आसेला समांतर झाली. चाळीसगावच्या जागी मेणाने चिकटवलेल्या काडीच्या तुकड्याची सावली आणि पटांगणातल्या काठीची सावली एकाच दिशेला, एकाच तिरकसपणाने पडतात. आपण आत राहतो की वर, याचे उत्तर त्या काडीत आहे: आपण माथ्यावर आहोत. चुंबळीवर गोल फिरवून ब्राझील माथ्यावर आणला तर ब्राझीलची मुले माथ्यावर, आणि चाळीसगाव बगलेला. ‘खाली’ कोणीच राहत नाही. हे पाहून झाले की गोल पुन्हा पहिल्या जागी बसवायचा आणि त्याला हात लावायचा नाही.

दुपारी साडेबाराला त्याच्याकडे पाहिले तर भारत भर उन्हात, जपान उन्हाच्या पूर्वेकडच्या कडेला आलेला, इंग्लंड अजून सावलीत, अमेरिका पूर्ण अंधारात, उत्तर ध्रुव काळोखात आणि दक्षिण ध्रुव उजेडात. मुले वहीत वेळ घालून नोंद करतात आणि जेवायला जातात. अडीचला परत येऊन पाहतात तर सावलीची कड सरकलेली असते. मध्ये कोणी गोलाला हात लावला का, यावरून एकमेकांना जाब विचारला जातो. कोणीही लावलेला नसतो. मग एक जण काठीच्या लांबलेल्या सावलीकडे बघतो, एक जण पायांखालच्या जमिनीकडे. वहीत दुसरी नोंद होते: अडीच वाजता जपानात अंधार झाला, इंग्लंडात उजाडले.